सामायिक विहिरीवरचा डबा

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, अण्णा."

मी गावातल्या घराच्या स्लॅबवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझे वडील, अण्णा, तीन किलोमीटरवर शेतातल्या विहिरीच्या काठावर हातात एक प्लॅस्टिकचा डबा धरून उभे होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. डब्यातून निघालेला रेडिओचा आवाज स्लॅबवरच्या यंत्राला ऐकू येतो का, हे आम्ही बघत होतो. मागून थोरल्या काकांचा आवाज आला, "अरं, छातीशी कवटाळून काय उभा राहिलास, वर धर की जरा. लेकरू हाय का ते?"

मग काकांनीच गोठ्यातून एक लांब वेळू आणला. डब्याची तार त्याच्या टोकाला बांधली आणि वेळू विहिरीच्या कठड्याला आवळून उभा केला. लॅपटॉपवर एक ओळ उमटली. मी ओरडलोच, "आलं! आलं!"

"आलं म्हणतो," अण्णांनी काकांना सांगितलं.

"मग जेवायला बस म्हणावं त्याला," काका म्हणाले.

हे दिवाळीच्या सुट्टीतलं. मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे मी नेमकं काय शिकतो हे घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. खरं तर दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही ते कळलं नव्हतं. प्रोजेक्टसाठी मी लोरा घेतलं. ती रेडिओने माहिती पाठवायची एक पद्धत आहे. मोबाइलसारखं सतत जोडलेलं राहायचं नाही. लहानसं यंत्र झोपलेलं असतं, ठरल्या वेळी जागं होतं, दहा-बारा अक्षरांएवढं काहीतरी हवेत सोडतं आणि परत झोपतं. इतकं कमी बोलतं म्हणून त्याचा सेल वर्षानुवर्षं पुरतो, आणि सावकाश बोलतं म्हणून त्याचा आवाज मैलोन्‌मैल जातो. फोटो नाही, बोलणं नाही. नुसते आकडे. आमच्या गाइड सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दहा अक्षरांत सांगण्यासारखं तुझ्याकडे काय आहे?" मला आमची विहीर आठवली. तिच्यात पाणी किती आहे, हे दहा अक्षरांत सांगता येतं.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. विहीर अण्णांची आणि थोरल्या काकांची मिळून. काका अण्णांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. वाटण्या झाल्या तेव्हा रान अर्धं-अर्धं झालं. विहीर कापता येत नाही, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. एका काठावर काकांची मोटार, समोरच्या काठावर आमची. दहावीनंतर मला लातूरला शिकायला ठेवावं हे काकाच म्हणाले होते, आणि माझी पेटी मोटारसायकलवर बांधून लातूरपर्यंत त्यांनीच नेली होती. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते कुणाशी केलं हे कळायला हवं.

पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी नांदेडला दिसू लागली. मी खूश होतो. सर नव्हते.

"पातळी तर मागच्या वर्षीच्या मुलांनीही मोजली," ते म्हणाले. "तुझं नवीन काय?"

मी दोन दिवस विचार केला आणि भीत भीत सांगितलं, की सर, विहीर सामायिक आहे. दोन मोटारींच्या वायरींना वीज ओळखणारी एकेक कडी घातली, तर कोणती मोटार चालू आहे ते यंत्राला कळेल. पाळ्या आधी भरून ठेवल्या, तर कुणी आपली पाळी नसताना मोटार लावली तेही कळेल.

सर पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "आणि कळलं की मेसेज. फक्त तुला नाही, ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना. हे झालं नवीन."

मला त्या वेळी यात काही वावगं वाटलं नाही. उलट इतके दिवस मनात जी धाकधूक होती ती गेली.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, मी घरी आलो. त्या दिवशी आमच्याकडे सगळी भावकी रानात जेवायला येते. कडब्याच्या कोपीपुढे पंगत बसली होती, भज्जी आणि आंबील वाढून झाली होती, आणि मी वही काढून विचारलं, "अण्णा, पाळ्या कशा हायत आपल्या?"

अण्णांनी काकांकडे बघितलं. मग म्हणाले, "सोम, मंगळ, बुध दादाच्या. गुरू, शुक्र, शनी आपल्या. आयतवारी कुणीच न्हाई, विहिरीला इसावा."

"वडलांनी घालून दिल्यात," काका म्हणाले आणि भाकरी कुस्करत राहिले.

मी लिहून घेतलं. अण्णांनी उत्तर द्यायला जो थोडा वेळ लावला तो मला दिसला होता, पण तो वहीत लिहिण्यासारखा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मोटारींच्या वायरींना कड्या बसवल्या. त्या महिन्यात शेतीची लाईट सोमवार ते बुधवार रात्रीची आणि गुरुवारपासून दिवसाची होती. त्यामुळे बुधवारी दिवसा तारांत वीजच नव्हती. तरीही काकांनी पेटीतले फ्यूज काढून खिशात घातले. म्हणाले, "लाईटवाल्याचा भरवसा नको. तू कर निवांत." मी काम करेपर्यंत ते फ्यूज खिशात घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. वीज नसल्यामुळे मोटार लावून बघता आली नाही, म्हणजे मेसेज नीट जातो का हे तपासता आलं नाही. संध्याकाळच्या गाडीने मी नांदेडला परतलो. मेसेज भावकीच्या ग्रुपवर जाईल अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. अण्णा, काका, दोघांच्या घरचे, पुण्याचे, हैदराबादचे, सगळेच त्यात होते. मेसेजचं वाक्य मी चांगलं शुद्ध करून लिहिलं होतं.

गुरुवारी दहा ते एक आमचं प्रॅक्टिकल होतं. फोन बाहेर बॅगेत ठेवावे लागत. एक वाजता बॅग उघडली तर फोन गरम झाला होता.

"सूचना: पाळी नसताना पाणी उपसले जात आहे. मोटार क्रमांक १, थोरली वाटणी."

हेच वाक्य बारा वेळा. डबा दर पंधरा मिनिटांनी बोलत होता आणि दर वेळी मेसेज जात होता. एकदा सांगून झालं की गप्प बसायचं, एवढी साधी अट मी प्रोग्राममध्ये घातली नव्हती.

त्या बारा मेसेजांच्या मधे मधे लोक होते. पुण्याचे एक भाऊबंद: "काय हो दादा, भावाचं पाणी?" त्यापुढे हसणारी तोंडं. दुसरे: "विहिरीवर पोलीस चौकी झाली म्हणा की." तिसऱ्याने लिहिलं होतं, "पुतण्यानं चुलत्याला धरलं." काकांचा एकही शब्द नव्हता. ग्राफवर दिसत होतं, की शेवटच्या मेसेजनंतर त्यांची मोटार बंद झाली.

मी आधी ते मेसेज बंद केले आणि मग अण्णांना फोन लावला.

"अण्णा, मी—"

"बंद कर ते."

"केलं. पण काका आपल्या पाळीत कसं काय—"

"बंद कर म्हणलो न्हवं?" आणि फोन कट झाला.

इथे खरं लिहायला हवं. मला वाईट वाटलं होतं, लाजही वाटली होती, पण आतून कुठेतरी असंही वाटत होतं, की यंत्र खोटं बोललेलं नाही. गुरुवार आमचा होता आणि मोटार काकांची चालू होती. माझी चूक झाली ती बारा वेळा सांगण्याची. एकदा सांगणं चूक नव्हतं. दोन-तीन दिवस मी स्वतःला हेच समजावत होतो.

त्यानंतर ग्राफ एकदम स्वच्छ झाला. गुरू, शुक्र, शनी आमची मोटार. रविवारी दोन्ही बंद, पाणी हळूहळू वर चढतंय. सोमवारी अंधार पडल्यावर काकांची मोटार चालू झाली आणि पाऊण तासात बंद झाली. मंगळवारी लागलीच नाही. बुधवारीही नाही. पाळीच्या बाहेर एक मिनिटही कुणाची मोटार नाही. सरांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून दुसऱ्या मुलांना दाखवलं, "हा बघा डेटा. किती स्पष्ट आहे."

मी हसलो असेन. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. जेवायला गेलो तर अर्ध्यात उठायचो. संध्याकाळी गोदावरीच्या घाटाकडे चालत जायचो आणि पोचायच्या आधीच मागे फिरायचो. मोटार क्रमांक एकच्या रकान्यात ओळीने शून्यं येत होती, आणि शून्य म्हणजे काय हे यंत्राला विचारायची सोय नव्हती. गव्हाला ओंब्या यायचे दिवस. या दिवसांत कुणी पाणी तोडत नाही.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काकाचा गहू पिवळा पडायलाय रं."

"मग पाणी का देत न्हाईत? सोमवार-मंगळवार त्यांचीच पाळी हाय की."

"रातीची लाईट हाय."

"काका न्हाईत का जात रातीचे?"

आईने आवाज बारीक केला. मग म्हणाली, "त्यांना दिवस मावळला की दिसत न्हाई. दोन साल झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, न्हाई दिसत. रातीचं पाणी तुझे अण्णाच धरतेत. काकाच्या वारी आपण आपल्या रानात रातीचं धरायचं, आन् आपल्या वारी त्यांनी दिवसाउजेडी धरायचं. लाईटचं टाइम बदललं की वार बदलतेत. काकूला आन् मला ठावं. दुसऱ्या कुणाला न्हाई."

मग विचारलं, "येळवशीला मी विचारलो तवा सांगायचं की."

"कसं सांगायचं? सगळी भावकी जेवायला बसलेली. दादाला दिसत न्हाई म्हणून सांगायचं का त्यांच्या तोंडावर?"

"आता अण्णा धरत न्हाईत का रातीचं?"

"गेलते विचारायला. काका म्हणले, तुझी पाळी न्हाई, मशीन ओरडंल."

मेसेज बंद झालेत हे काकांना माहीत होतं. ते जाणूनबुजून माझ्या वहीप्रमाणे वागत होते. माझा तो स्वच्छ ग्राफ त्यातून आला होता.

शनिवारी मी एसटीने निघालो. लोह्यापर्यंत उभ्यानेच आलो. नंतर जागा झाली तरी बसलो नाही. काकांना काय म्हणायचं, त्याची वाक्यं मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मेसेजसारखं वाटत होतं. अहमदपूरला उतरून जीपने गावात पोचलो तेव्हा अण्णा दारात बसले होते. त्यांनी कशाला आलास असं विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "माझा गहू हिरवा, त्याचा पिवळा. मला बांधावरून जाता येईना."

रविवारी सकाळी काकांकडे गेलो.

"या, इंजिनिअर साहेब," काका म्हणाले. "अगं, साहेबाला चहा टाक."

काकूने चहा दिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. काकांनी माझं कॉलेज, मेसचं जेवण, नांदेडची थंडी, सगळं विचारलं. एकदाही विहिरीचं नाव नाही. मी जुळवलेली वाक्यं शोधत होतो आणि एकही सापडेना. कप रिकामा झाला. आता उठावं लागेल असं वाटलं आणि मी घाईघाईने बोलून गेलो, "काका, नांदेडला डोळ्याचे चांगले डॉक्टर हायत. दाखवू या का?"

काकू आत निघून गेली. काकांनी कप खाली ठेवला.

"कुणी सांगितलं?"

मी रिकामा कप बशीत फिरवत होतो.

"तुझ्या मशीनला कळलं वाटतं."

"न्हाई काका. काका, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? तू शिकलेला माणूस." ते हळू बोलत होते, आणि मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाण्याचं मला काही न्हाई. पाणी कमी-जास्त होतं. पण मी भावाचं पाणी चोरलो म्हणून बारा बार छापून आलं. पुण्यात आलं, हैदराबादला आलं. मी मोजलो. बारा बार."

तिथून मी सरळ रानात गेलो. काकांचा गहू दुरूनच ओळखू येत होता. शेंडे वाळले होते, आणि उताराकडच्या वाफ्यांत माती भेगाळली होती. मी वेळूच्या गाठी सोडायला घेतल्या. अण्णा मागून आले.

"काढू नको."

"कशाला ठेवायचं हे?"

"तुझं वर्ष हाय त्यात. त्याला काय ठेवलं काय, काढलं काय. डबा काढून दादावरचा डाग निघतोय का?"

आम्ही दोघं कठड्यावर बसलो. मी फोन काढला. चारचौघांत जे गेलं ते चारचौघांतच परत घ्यावं लागेल, एवढं मला समजलं होतं. पण काय लिहायचं? यंत्र बिघडलं होतं असं लिहिलं, तर ते खोटं होतं, आणि कुणी विश्वास ठेवला नसता; चुलत्याला वाचवतोय म्हणाले असते. खरं लिहावं तर काकांच्या डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. अण्णा पायाने ढेकूळ फोडत होते.

"अण्णा," मी विचारलं, "त्या गुरुवारी पाळी कुणाची होती?"

"आपली."

"तसं न्हाई. तुम्ही दोघं काय बोललेलात?"

"बोलणं त्याचंच झालतं. त्याच्या बुधवारी राती मी धरणार, आपल्या गुरुवारी दिवसा तो धरणार. दर आठवड्याला तेच हाय की. त्या बुधवारी राती लाईटच आली न्हाई, म्हणून माझं राहिलं."

"म्हणजे गुरुवार काकांचा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "हाव. काकाचाच म्हणायचा."

मी लिहिलं: "यंत्रात पाळ्या भरताना माझी चूक झाली. त्या गुरुवारी थोरल्या काकांचीच पाळी होती. वडिलांकडून खात्री करून घेतली आहे. काकांची आणि सगळ्यांची माफी मागतो." अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

"ह्यात खोटं काही न्हाई," ते म्हणाले. "टाक."

पाच-सहा मिनिटं काही आलं नाही. मग पुण्याच्या त्याच भाऊबंदांचा मेसेज आला: "पण गुरुवार तर धाकट्याचा ना? वडलांपासून आहे."

अण्णांनी आपला फोन काढला. त्या ग्रुपवर अण्णा कधीच काही टाकत नसत. लग्नाच्या फोटोला हात जोडत, तेवढंच. त्यांनी बटण दाबून धरलं आणि मोठ्याने, लांबच्या माणसाला हाक मारावी तसं बोलले, "न्हाई. गुरुवार दादाचा हाय. दोन साल झाले. मला विचारा." आणि फोन खिशात घातला. मग मला म्हणाले, "गेलं का ते?"

"गेलं."

खाली कुणीतरी लिहिलं, "बरं बरं." बाकी कुणी काही बोललं नाही. काका तर नाहीतच.

सोमवारी नांदेडला आल्यावर मी प्रोग्राममधून पाळ्यांचा तक्ता काढून टाकला. मेसेजचा भागही काढला. आता डबा फक्त पाणी किती आणि कोणती मोटार चालू, एवढंच सांगणार होता. मग सरांना सांगितलं. बुधवारी सादरीकरण होतं.

"अरे, तेच तर नवीन होतं. का काढलंस?"

"सर, पाळी दोघांच्या बोलण्यावर बदलते. ती मला आधी भरून ठेवता येत नाही."

"मग बदलली की त्यांनी मोबाइलवर नोंद करायची. तेवढं बटण दे."

"ते नोंद करणार नाहीत, सर."

"का?"

काही गोष्टींची नोंद होऊ नये म्हणूनच त्या तोंडी असतात, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त "सॉरी सर" म्हणालो. बुधवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही विचारलं, की आराखड्यात लिहिलेलं अर्धं काम इथे दिसत नाही. मला जेमतेम गुण पडले. सरांनी नंतर माझ्याशी आठवडाभर नीट बोलणं टाकलं. त्यांचंही बरोबर होतं.

पण त्याआधी, मंगळवारी सकाळी, मला ग्राफमध्ये एक गोष्ट दिसली होती. सोमवारच्या रात्री आमची मोटार पूर्ण वेळ चालली होती. सोमवार काकांचा. अण्णांनी त्यांना न विचारता रात्रीचं पाणी आपल्या रानात धरलं होतं. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. मी आईला फोन केला.

"अण्णा काय करायलेत?"

"राती धरलेत पाणी. काकाला सांगून आलेत, माझं रान भिजलं, आता गुरुवारी मला पाणी नको."

"काका काय म्हणले?"

"काही न्हाई म्हणले. बसलते तसंच बसले."

गुरुवार उजाडला. लाईट साडेआठला येते. पावणेनऊला दोन्ही मोटारी बंद. नऊला बंद. मी वर्गात फोन वहीखाली धरून बसलो होतो. साडेनऊ, बंद. विहीर भरलेली, लाईट आलेली, आणि कुणीच पाणी घेत नाही. अण्णा हट्टाने लावणार नाहीत हे मला माहीत होतं. काका हट्टाने लावणार नाहीत याची भीती होती. साडेदहा. अकरा. दुसऱ्या तासाच्या सरांनी प्रश्न विचारला तो मला ऐकूच आला नाही. अकराच्या सुट्टीत परत आईला फोन लावला.

"काका रानात गेलेत का गं?"

"गेलेत की सकाळीच."

"मग?"

"बांधावर बसलेत म्हणं. तुझे अण्णा इकडं गोठ्यात बसलेत. मी काय करू?"

साडेअकरा, बंद. बारा, बंद. मी वर्गात गेलोच नाही, जिन्यात उभा राहिलो. खाली उतरायचो, परत वर यायचो. सव्वाबारा होऊन गेले आणि फोन वाजला. काकांचा होता.

"काय करायलास?"

"कॉलेजात हाय, काका."

"तुझं ते मशीन बघ बरं. मोटार चालू दिसती का?"

मी घाईने बघितलं. मोटार क्रमांक एक, शून्य. डबा नुकताच बोलून झोपला होता.

"न्हाई, काका," मी म्हणालो. "आत्ताच येऊन गेलं. आता पंधरा मिनिटं काही दिसणार न्हाई."

"पंधरा मिनिटं? लई आळशी हाय रं तुझं मशीन. पाणी पहिल्या वाफ्यात गेलं की हितं." त्यांनी फोन खाली धरला असावा, कारण पाटाच्या पाण्याचा आवाज आला, आणि त्यामागे मोटारीची घरघर. मग परत त्यांचा आवाज: "ऐकू आलं का?"

"आलं, काका."

"उताराकडचे दोन वाफे गेले," ते म्हणाले. "त्यांचं आता काही होत न्हाई. बाकीचं धरंल." मग ते म्हणाले, "डॉक्टरचं तू काय म्हणलास त्या दिवशी? आयतवारी उघडं असतंय का त्यांचं?"